पत्र्याचं शहाणपण

१९७९ साली सायनच्या सिग्नलला एका टेम्पोने आमच्या फियाटला मागून असा दणका दिला, की डिकी मागच्या सीटच्या भेटीला आली. मागे आई पेंगत होती.

"पत्रा काय, ठोकून काढीन," मिस्त्री म्हणाला, "पण साहेब, हाड वाकलंय!" त्याने सुतळीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. दोन्हींत चांगला बोटभर फरक.

पूर्वी खाली चॅसी वेगळी आणि वर बॉडी वेगळी, असा सवतासुभा असे. १९२२च्या लान्सिया लँब्डाने तो मोडला. बॉडी हीच चॅसी झाली. म्हणजे आमची नुसती डिकी चेपली नव्हती, कणाच मोडला होता. मिस्त्रीने गॅरेजमागच्या पिंपळाला साखळीने बांधून तो दोन दिवस ओढला. तोवर मी शिव्या घालत होतो : पूर्वीचं लोखंड राहिलं नाही हो!

पुढे कळलं, मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरने १९५१ सालीच पेटंट मागितलं होतं. टोकं चुरगळू द्यायची, मधली माणसं वाचवायची. १९५९ साली तशी मर्सिडीज निघालीसुद्धा. आमच्या फियाटला हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी बिचारी जमेल तेवढी चुरगळली.

आई डोळे चोळत म्हणाली होती, "आलं का रे दादर?"