चाकरमान्यांचे ताट: मुंबईतील खाणावळी आणि उपाहारगृहांचा पूर्वेतिहास

परक्या गावी, परक्याच्या हातचे अन्न पैसे मोजून जेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कामानिमित्त घराबाहेर पडलेला माणूस बरोबर शिधा, म्हणजे तांदूळ, पीठ, डाळ, मीठ-मिरची असा कोरडा जिन्नस घेऊन निघे, आणि धर्मशाळेत किंवा नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून स्वतः रांधून खाई. नाहीतर वाटेवर आपल्या जातीचे घर, देवस्थान किंवा अन्नछत्र गाठी. घरावरील कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेले वरसईचे विष्णुभट गोडसे याच जगातले प्रवासी होते. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे यावर जातीचे स्थान ठरत असल्याने विकतचे शिजवलेले अन्न ही सोय मानली जात नव्हती, तो धोका मानला जात होता. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या सभासदांना जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून एकत्र बसून पाव खावा लागे, आणि तेही गुप्तपणे, यावरून या धोक्याचे वजन लक्षात येते.

ही स्थिती बदलली ती मजुरीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली, पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची उभारणी सुरू केली, आणि १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग खुला झाल्यावर देशावरचा माणूसही सहज मुंबईला पोहोचू लागला. कोकणातला माणूस आधीपासून गलबताने आणि नंतर आगबोटीने येतच होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या या पुरुषांपैकी बहुतेकांची बायका-मुले गावीच राहत, आणि परळ, लालबाग, नायगाव, शिवडी, वरळी या गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत अनेक जण पाळ्यांच्या वेळा सांभाळून झोपत. मुंबईत नोकरी करून गावच्या घराला पैसे धाडणाऱ्या या माणसाला चाकरमानी म्हणत. त्याच्याजवळ झोपायला जागा नव्हती, तिथे चूल कोठून असणार? ही उणीव भरून काढणारी व्यवस्था म्हणजे खाणावळ.

गिरणगावातील खाणावळ हे पाटी लावलेले दुकान नव्हते. चाळीतल्या एखाद्या विवाहितेने किंवा विधवेने आपल्याच खोलीत, घरच्या स्वयंपाकाला जोडून दहा-वीस माणसांचे रांधायचे आणि त्याचे पैसे महिन्याच्या पगाराला घ्यायचे, असा हा व्यवहार होता. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदले, म्हणून चूल पहाटे पेटे ती रात्री उशिरा विझे. कोकणी माणसाला भात आणि मासळीचे कालवण, तर देशावरच्याला भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीशी लावून खायचे पातळ कालवण हवे असे. त्यामुळे बहुधा आपल्याच मुलखातील, अनेकदा आपल्याच गावातील बाईकडे जेवण लावले जाई, आणि शहरात आलेल्या माणसाची गावाशी असलेली गाठ या ताटातून टिकून राही. महिन्याचे पैसे ठरवून नियमाने जेवणारा तो मेंबर आणि न जेवलेल्या दिवसांची हिशेबातून वजावट तो खाडा, ही परिभाषा पुढे नोकरदार आणि विद्यार्थी यांच्या खाणावळींत सर्रास रुळली. ज्यांना घरचे जेवण मिळू शकत होते, पण कामाची जागा लांब होती, त्यांच्यासाठी १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा उभारला, आणि मावळातील तरुणांना त्यात रोजगार मिळाला.

गिरगाव आणि दादर भागातील खाणावळींचे स्वरूप यापेक्षा वेगळे होते. सरकारी कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये आणि छापखाने यांच्या कामासाठी आलेले कारकून, पक्षकार, विद्यार्थी आणि पत्रकार यांना राहण्याची आणि पंक्तीत बसून जेवण्याची सोय लागे. क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृह हे अशा निवास-भोजनगृहांतील विख्यात नाव असून, मुंबईच्या मुक्कामात तेथे उतरणाऱ्या लोकमान्य टिळकांचे निधनही १ ऑगस्ट १९२० रोजी याच वास्तूत झाले. पंक्तीच्या जेवणाला वेळेचे बंधन असे. ते शिथिल केले उपाहारगृहाने, जेथे केव्हाही जावे, हवा तो एक पदार्थ मागवावा आणि उठावे. दादरला १९१० मध्ये मामा काणे यांनी सुरू केलेले स्वच्छ उपाहारगृह या बदलाचे ठळक उदाहरण आहे, आणि तेथील बटाटेवडा हा त्या काळच्या दादरच्या ओळखीचाच भाग झाला.

या बदलाचा सर्वांत खोल परिणाम गोडावर झाला. मराठी घरात पक्वान्नाला तिथी लागते: पुरणपोळी होळीला, श्रीखंड पाडव्याला, बासुंदी पाहुण्याला किंवा सणाला. खरवस तर तिथीनेही मिळत नाही, कारण तो गाय-म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकाच्या दुधाचा होतो, आणि तो शेजारच्या गोठ्यातून यावा लागतो. मुंबईतील तबेल्यांत म्हशी मोठ्या संख्येने असल्याने चीक जवळजवळ रोज उपलब्ध होऊ लागला, आणि खेड्यात वर्षातून एकदोनदा चाखायला मिळणारा खरवस उपाहारगृहात बशीतून मागवता येऊ लागला. श्रीखंड ताकात घुसळून, त्यात केशर, वेलची, जायफळ घालून केलेले पीयूषही याच उपाहारगृहांनी लोकप्रिय केले. खाणावळींनी आपल्या परीने रविवारच्या दुपारी एक पक्वान्न वाढण्याची आणि संध्याकाळी चूल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. तिला फीस्ट म्हणतात. सणाला गावी जाऊ न शकणाऱ्या माणसाचा सण अशा रीतीने आठवड्याच्या सुट्टीला बांधला गेला.

याच काळात परमुलखातून आलेल्या दोन परंपरांनी चाकरमान्याच्या जिभेला नव्या चवी दिल्या. इराणी कॅफेंनी, ज्यांत धोबीतलावचे कयानी १९०४ चे आणि बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जागा घेऊन चहा, ब्रून-मस्का, मावा केक आणि कॅरमल कस्टर्ड विकले. दुधा-अंड्याचे हे कस्टर्ड अनेक मराठी तरुणांनी प्रथम येथेच खाल्ले. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या भोजनगृहांनी केळीच्या पानावरचे दाक्षिणात्य जेवण गिरणीबाबूंपासून विमा कचेरीतील कारकुनांपर्यंत सर्वांपुढे मांडले.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. अनेक भोजनगृहांच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख असे, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगाराला आत प्रवेश नसे किंवा त्याची कपबशी वेगळी ठेवली जाई. तोच कामगार त्याच गिरणीत तेवढेच तास राबत असला, तरी दुपारच्या ताटापाशी त्याची वाट वेगळी होई. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे तो याच अनुभवामुळे, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने असा मज्जाव शिक्षेस पात्र ठरवला.

खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांची दखल त्याहूनही उशिरा घेतली गेली. उधारीवर वाणसामान आणून महिनाभर रांधणाऱ्या या बायका सावकाराच्या व्याजात अडकत. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने पगार थांबले, मेंबर गावी परतले, आणि खाणावळवाल्यांच्या वहीतील बाकी बहुतांशी बुडाली. गिरणीबरोबर खाणावळीची चूलही विझली.

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीमालक, संघटना आणि संप यांना स्थान मिळाले आहे, तसेच ते खाणावळीलाही मिळायला हवे, कारण तिच्याशिवाय कोणतीही पाळी भरली नसती. जुन्या खाणावळींच्या हिशेबवह्या, दरपत्रके आणि पाट्या आजही काही कुटुंबांकडे असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी अभ्यासकांनी, ग्रंथालयांनी आणि त्या कुटुंबांनीही त्यांना ऐतिहासिक कागदपत्रांइतकेच मोलाचे मानून जपावे.