अलिबागहून आलोय, मग?

मुंबईत कुणी चुकीच्या खिडकीसमोर अर्धा तास रांग लावली, कुणाला विनोद दहा मिनिटांनी कळला, कुणी रिक्षावाल्याला मीटर न बघता पैसे दिले, की लगेच प्रश्न येतो, "अलिबागसे आया है क्या?" मला हा प्रश्न अगदी लहानपणापासून माहीत आहे, पण तो मुंबईत शिकलो नाही. आमच्याकडे टीव्ही आला, टीव्हीबरोबर हिंदी सिनेमे आले आणि सिनेमांबरोबर हे वाक्य. मग अलिबागच्या शाळेत, अलिबागचीच पोरं एकमेकांना विचारायची, "अलिबागसे आया क्या?" आणि समोरचा प्रामाणिकपणे सांगायचा, "हो, तू पण."

पुढे नोकरीसाठी मुंबईला आल्यावर मात्र हा प्रश्न खरोखरीच्या प्रश्नासारखा विचारला जाऊ लागला. म्हणजे लोक आधी गाव विचारतात, मी सांगतो, मग एक सेकंद शांतता, आणि मग चेहऱ्यावर ते हसू. आपण हा विनोद आत्ताच शोधून काढलाय असं प्रत्येकाला वाटतं. मी पण हसतो. काय करणार, हापिसात रोज तोंड बघायचं असतं एकमेकांचं.

हे सगळं प्रकरण एकदा थेट हायकोर्टात गेलं होतं. थट्टा नाही. २०१९ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या एका गृहस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. हे वाक्य अलिबागकरांचा अपमान करणारं आहे, त्यातून आम्ही अडाणी आणि बावळट आहोत असं दाखवलं जातं, सबब सेन्सॉर बोर्डाला सांगून ते सिनेमांतून काढायला लावा, अशी मागणी. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि न्यायमूर्ती एन. एम. जामदार यांच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, ते मनाला लावून घेऊ नका, मजा घ्या, असा एकूण सूर होता. आमच्या काकांना हे पटलं नाही. "कोर्टानेच सांगितलंय आता, हसा म्हणून," असं म्हणून ते दोन दिवस घुश्शात होते.

मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर आहे. वाक्यं बंदी घालून मरत नसतात. पण मजा घ्यायची तर पूर्ण घेऊ की. अलिबागहून आजवर काय काय आलं आणि अलिबागला काय काय गेलं, याचा हिशोब मांडून बघू.

आधी भूगोल, कारण सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. मुंबईपासून अलिबाग समुद्रावरून सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटर. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत शंभराच्या आसपास. वडखळ नाक्यावर ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली आहेत त्याला या फरकाचा अर्थ समजावून सांगायला नको. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या मुदती इतक्या वेळा उलटल्या की आमच्याकडे आता कोणी मोजत नाही. म्हणजे आम्ही डोळ्यांना दिसण्याइतके जवळ आणि पोचायला लांब. ज्याच्यावर हसायचं तो असाच असावा लागतो. फार लांबच्याची माहिती नसते आणि अगदी शेजारचा फटका देऊ शकतो.

तसा फटका आम्ही दिलेलाही आहे. डिसेंबर १७२१. कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना इतकं हैराण केलं होतं की दोघांनी आपसातली भांडणं बाजूला ठेवून कुलाबा किल्ल्यावर एकत्र स्वारी केली. कुलाबा म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा, ओहोटीला चालत जाता येतं तो. इंग्रजांच्या बाजूने कमोडोर थॉमस मॅथ्यूज, खास इंग्लंडहून युद्धनौका घेऊन आलेला. या मोहिमेच्या इंग्रजी हकिगतीत एक प्रसंग आहे. छावणीत अचानक एक मराठा घोडेस्वार आला आणि त्याने मॅथ्यूजच्या मांडीत भाला मारला. कमोडोर साहेब भयंकर संतापले, स्वतः घोड्यावर चढले, पाठलाग केला, गाठलं, दोन्ही पिस्तुलं रोखून चाप ओढले... आणि काहीच झालं नाही. घाईत पिस्तुलं भरायलाच विसरले होते!

आता मला सांगा, त्या घोडेस्वाराच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? नक्की हेच: "मुंबईसे आया है क्या?"

पुढे बाजीराव पेशवे फौज घेऊन आले, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला, आणि इंग्रज हात हलवत परत गेले. कान्होजी असेपर्यंत किल्ला काही पडला नाही. १७२९ मध्ये ते गेले, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. आणि १९५१ पासून मुंबईत जुन्या बॉम्बे कॅसलच्या जागेवरच्या नौदलाच्या तळाचं नाव आहे आयएनएस आंग्रे. ज्या कोटातून त्यांच्यावर स्वाऱ्या आखल्या गेल्या, त्यावर आता त्यांचंच नाव. अलिबागहून आलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं हे एक उदाहरण.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट लढाईची नाही. ती आहे अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची. बीचवर येणारे हजारो लोक घोडागाडीतून तिच्या कुंपणावरून जातात आणि हे काहीतरी सरकारी असेल म्हणून दुर्लक्ष करतात.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेलं ते प्रसिद्ध चुंबकीय वादळ, ज्याने युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बंद पाडली, त्याच्या नोंदी या कुलाब्याला झाल्या आणि शास्त्रज्ञ आजही त्या काढून बघतात. सगळं छान चाललं होतं. मुंबईत १८७४ पासून ट्राम होत्या, पण त्या घोडे ओढायचे. घोड्याचा चुंबकाला त्रास नाही. मग ठरलं की ट्राम विजेवर चालवायच्या. आणि विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीतून पसरणार, म्हणजे कुलाब्याची ती नाजूक सुई पृथ्वीऐवजी ट्रामची हालहवाल सांगत बसणार.

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभॉय मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. नवी जागा शोधायची होती. मुंबईच्या जवळ हवी, पण मुंबईची कटकट तिथे पोचायला नको. त्यांनी निवडलं अलिबाग. लोखंड टाळून, पोरबंदरचा दगड आणून, तांब्या-पितळेचं सामान वापरून इमारत बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झालं, आणि इथली खरी हुशारी पुढे आहे. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे मोजणी एकाच वेळी चालू ठेवली, म्हणजे दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळावा आणि जुनी मालिका तुटू नये. नव्या घरात गेल्यावर चहाची चव तीच लागावी म्हणून दोन वर्षं दोन्ही घरांत चूल पेटती ठेवण्यासारखं आहे हे. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुई अलिबागला सुखरूप बसली होती.

गंमत अशी की आमच्या जिल्ह्याचंही नाव तेव्हा कुलाबाच होतं. रायगड झालं ते १ जानेवारी १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यातच पोचली.

ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. सुई अजून आहे. कुलाबा-अलिबागची ही नोंद जगातल्या सर्वांत लांब अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक आहे. मुंबईला बुद्धी होती, पैसा होता, फक्त स्थिर बसायला जागा नव्हती. ज्याला मुंबईवाले मागासलेपण म्हणतात, ती शांतता विज्ञानाला हवी होती, म्हणून विज्ञान बोचकं बांधून आमच्याकडे आलं. त्या सुईला कुणी विचारलं नाही, अलिबागला चाललीस का म्हणून.

ही स्थिर बसण्याची गोष्ट मला आणखी एका ठिकाणी दिसते. अलिबागजवळ चरी नावाचं गाव आहे. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आजूबाजूच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. संप म्हणजे शेतीच करायची नाही. खोताची जमीन ओस टाकायची. हा संप किती चालला? सहा वर्षं. १९३९ पर्यंत. आपण एक दिवस ओला-उबर मिळाली नाही तर रडतो. ही माणसं भाताच्या मुलखात सहा पावसाळे भात न लावता राहिली, मोलमजुरी केली, लाकडाच्या मोळ्या विकल्या. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले, आणि त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढच्या कुळकायद्याची वाट इथून जाते. सात-बाऱ्यावर ज्यांच्या आजोबांचं नाव लागलं अशा कोकणातल्या कितीतरी घरांनी या अलिबागसे आलेल्या लोकांचे आभार मानायला हवेत. आमचं घरही त्यातलं एक.

राहता राहिला सिनेमा, ज्याने हे वाक्य घरोघरी पोचवलं. त्या सिनेमाला बोलायला कोणी शिकवलं? भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक. तो ज्या नाटकावरून घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. पेणकर म्हणजे आपल्या पेणचे. ते बेने इस्रायली. या ज्यू लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात जोडपी वाचली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम करायचे नाहीत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. आणि आडनावं सगळी आमच्या गावांची: किहीमकर, नवगावकर, झिराडकर. 'बूट पॉलिश' मधला जॉन चाचा आठवतो? डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौल, आमच्याच तालुक्यातलं.

थोडं खाली मुरूडला गेलं तर नाना पाटेकरांचं जन्मगाव. हा प्रश्न त्यांना समोरासमोर विचारायची कुणाची तयारी असेल तर मी लांबून बघायला येईन :)

आता आजची परिस्थिती. शाहरुख खानचा बंगला अलिबागला आहे. विराट आणि अनुष्काने इथे जागा घेतली. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्याला रो-रो सुरू झाली, त्यात माणूस गाडीसकट बसतो आणि तासाभरात उतरतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. रविवारी संध्याकाळी मांडवा जेटीवर उभे राहा, अर्धी मुंबई अलिबागसे येत असते. टॅन झालेली, हातात पांढऱ्या कांद्याची माळ घेतलेली. (माळ घ्या, जीआय टॅग मिळालाय तिला. पण भाव करू नका, ते बरं दिसत नाही.)

म्हणजे विनोद उलटला, आम्ही जिंकलो? मला तसं वाटत नाही. मागच्या गणपतीत गावी गेलो तेव्हा आमच्या वाडीतल्या वाटेवर नवीन कंपाउंडची भिंत आली होती. पलीकडे आता नारळी दिसत नाहीत, फक्त त्यांचे शेंडे दिसतात. ज्यांनी विकली त्यांना दोष देत नाही. पोरांची शिक्षणं झाली, आजारपणं निघाली, स्लॅबची घरं झाली. पण चरीच्या लोकांनी सहा वर्षं उपाशी राहून जी जमीन कसणाऱ्याच्या नावावर आणायची वाट करून दिली, ती तिसऱ्या पिढीत स्क्वेअर फुटाच्या भावाने चालली आहे. आणि ज्या शांततेसाठी वेधशाळा इथे आली, तीच शांतता आता जाहिरातीत छापून विकतात, आणि विकली जाईल तशी ती कमी होत जाते.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं मुंबई, पुणे, पनवेलला आहेत. शनिवारी आम्ही गावाकडे निघतो तेव्हा बोटीत बाजूच्या सीटवर बसलेले लोक विचारतात, "वीकेंडला चाललात का? कुठला रिसॉर्ट?" "घरी," म्हटलं की त्यांना जरा आश्चर्य वाटतं. मला विचाराल तर त्या जुन्या वाक्यापेक्षा हा प्रश्न जास्त लागतो. कारण जुन्या वाक्यात निदान एवढं तरी गृहीत होतं की अलिबागला माणसं राहतात आणि तिथून कुणीतरी येतं.

म्हणून ते वाक्य राहू दे, माझी काही हरकत नाही. काका, तुम्हीही राग सोडा. कुणी विचारलंच, "अलिबागसे आया है क्या?" तर सरळ हो म्हणायचं, गावाचं नाव सांगायचं, आणि वेळ असेल तर मॅथ्यूजच्या पिस्तुलांची गोष्ट सांगायची. आणि पुढच्या वेळी गावी याल तेव्हा जमिनीचा विषय निघाला, तर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. एवढंच.