पाच जिनसांचं पेय आणि मुंबईची दारू

मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं की हॉटेलात रम, लिंबू, साखर घालून जे ‘पंच’ देतात ते परदेशातून आलं का? आम्ही शोध घेतला, तर गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर येऊन थांबली.

पंच म्हणजे आपला ‘पाच’, असं जुने प्रवासी लिहून गेलेत. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला, अशा पाच जिनसा. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर होता. गोव्याच्या नेरुळची दारू सर्वांत चांगली आणि इंग्रज तिचं ‘पाँच’ करतात, अशी नोंद त्याने केली. गलबतांवरचे खलाशी हे पेय विलायतेला घेऊन गेले. रम त्यात नंतर आली, वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतून. इथे मूळची होती ती ताडामाडाची.

मुंबईत 1694 साली कंपनी सरकारने एक हुकूम काढला. खानावळीत येणाऱ्याला गोव्याची दारू, साखर, लिंबाचं पाणी ठरलेल्या मापाने मागता येईल आणि त्याने आपलं पंच आपणच करावं. वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने वाडगा फोडला तरी पैसे द्यायचे नाहीत! आम्हाला ही गंमत फार आवडली. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा भांडण मापाचंच होतं.

पुढे सरकारला दारूतून महसूल हवा झाला. 1878 च्या अबकारी कायद्याने गाळणं, विकणं, ताडी काढणं सगळं परवान्याखाली आलं. भंडाऱ्यांच्या पोटावर पाय आला. 1892 च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं घातली. आमचं देवनार तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत होतं. रानात पडलेलं फूल घरात ठेवायचं तर सरकारची परवानगी!

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून मुंबईत पूर्ण बंदी झाली. दारू थांबली नाही, ती खाडीकाठी, झोपडीत, गटाराशेजारी गेली. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि हातभट्टी. शहरात काही अड्डे बायकाच चालवत, लोक त्यांना ‘आंटी’ म्हणत. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण नवरा गेलेला आणि पोरं उपाशी असली तर दुसरं काम कोण देत होतं, हेही विचारायला हवं. 1960 च्या दशकात बंदी सैल झाली, पण हातभट्टी राहिलीच.

आसपासच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन घरांत मात्र पंचाची सख्खी बहीण अजून नांदते, ती म्हणजे ‘खिमाड’. गवती चहा, दालचिनी, लवंग, साखर घालून पाणी उकळायचं, त्यात देशी दारू, आणि बारशा-लग्नाला गरम गरम, लहान पेल्यातून वाटायची. मसाला घरागणिक वेगळा. एकेक घोट, सगळ्यांसमोर.

याच पेयात कुठून तरी आणलेली, लेबल नसलेली दारू पडली तर काय होतं, ते आपल्या उपनगरांनी पाहिलं आहे. डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीत आणि जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत शंभराहून अधिक. कारण मिथेनॉल. ते दिसायला, चवीला दारूसारखंच, आणि लिंबू-मसाला घातला किंवा घरी उकळलं म्हणून निर्धोक होत नाही. पिणाऱ्याला पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, धूसर दिसू लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात. तेव्हा ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते लपवू नका.

अनेक गटांनी ‘आडवी बाटली’बद्दल विचारलं आहे. 2008 च्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी विरोधात मत दिलं, तर परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला परवानाच नसतो, म्हणून तिथे मतदान नाही. तिथे पोलीस ठाणं किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार द्यायची, गटाच्या नावाने, आणि पोच घेऊनच घरी यायचं.