भावाची माती : जॉन कानी यांचं नाटक

इतिहास म्हटलं की आपल्याला सनावळी आठवते. आज मी एका नटाबद्दल बोलणार आहे.

जॉन कानी यांचा जन्म १९४३चा, दक्षिण आफ्रिकेतल्या न्यू ब्रायटन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. १९६५च्या सुमारास ते 'सर्पंट प्लेयर्स'मध्ये आले. अॅथॉल फ्युगार्ड आणि विन्स्टन न्त्शोना यांच्याबरोबर त्यांनी 'द आयलंड' (१९७३) रचलं. त्यात तुरुंगातले दोन कैदी 'अँटिगनी' बसवतात. आता अँटिगनीचं मागणं काय, तर भावाला माती देऊ द्या. राजाज्ञा आड येते. पुढे १९७५ साली कानी आणि न्त्शोना दोघांना मिळून टोनी पुरस्कार मिळाला.

पण नाटक घरापर्यंत आलं. १९८५ साली एका लहान मुलीच्या दफनविधीत कविता वाचत असताना कानींचा धाकटा भाऊ पोलिसांच्या गोळीला बळी पडला.

१९९६मध्ये डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोगापुढे साक्षी सुरू झाल्या. राजकीय गुन्ह्याची पूर्ण कबुली दिली तर माफी मिळू शकत होती. आपले नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. इथे तर एक अख्खा देश लोकांच्या आठवणींवर उभा राहू पाहत होता!

मग २००२ साली कानींनी एकट्याने लिहिलेलं पहिलं नाटक आलं, 'नथिंग बट द ट्रुथ'. सिफो हा त्रेसष्ट वर्षांचा ग्रंथपाल. लंडनला परागंदा झालेला भाऊ थेंबा वारला, म्हणून तो शवपेटीची वाट बघतोय. पुतणी येते ती अस्थिकलश घेऊन. त्याची मुलगी आयोगात दुभाषी आहे. रोज दुसऱ्यांच्या वेदना भाषांतरित करते. आणि घरात बाप गप्प! पोलिसांनी मारलेला मुलगा, भावानं हिरावून घेतलेलं बरंच काही, सगळं त्यानं गिळलेलं.

इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं. राज्य कायद्यानं माफी देऊ शकतं, पण सिफोच्या वतीनं क्षमा करू शकत नाही. शिवाय त्याचा राग फक्त पोलिसांवर नाही, चळवळीत नाव कमावलेल्या सख्ख्या भावावरही आहे. त्या रागाची नोंद कुठला आयोग करणार? ते काम रंगभूमीनं केलं.

सिफो शेवटी बोलतो. जखम भरणं म्हणजे विसरणं नव्हे. आपल्या माणसांसमोर ती उघडी करता येणं. भावाला माती द्यायची, तर आधी त्याच्याविषयी खरं बोलावं लागतं.