शिकलगारांचा तंबोरा

चार तारांच्या गिटारीची कुळकथा सांगणारे बहुतेक लेखक पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरून निघतात, १८७९ च्या ऑगस्टात ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरलेल्या तीन सुतारांना गाठतात, त्यांनी घडविलेल्या उकुलेलेपाशी थोडे विसावतात आणि अमेरिकेतल्या बॅन्जोवादकांच्या सोयीसाठी निघालेल्या टेनर गिटारीचा उल्लेख करून लेखणी ठेवतात. हवाई बेटांवर गिटारीच्या तारा सैल करून निराळ्या सुरांत लावण्याची रीत कशी रुजली आणि त्या रीतीतून वादकांना नव्या रचना कशा सुचत गेल्या, हेही ते कौतुकाने सांगतात. त्या कौतुकात मी सहभागी आहे. परंतु चार तारा आणि त्यांतली एक तार गायकाच्या मर्जीनुसार फिरविण्याची मुभा, एवढाच जर या विषयाचा गाभा असेल, तर त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण आपल्या मिरजेत आहे. तंबोरा आणि उकुलेले यांचे रक्ताचे नाते नाही. तरीही दोहोंच्या तारा खालून वर अशा क्रमाने चढत नाहीत. उकुलेलेची आरंभीची तारच उंच असते, तर तंबोऱ्यात पंचम, मग जोडाचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज, अशी उतरती सांगता होते.

तंबोऱ्याचे मूळ कूळ तुंबरू गंधर्वाकडे न्यावे की इराणी तंबुराकडे, हा वाद मी पंडितांवर सोपवतो. माझे कुतूहल निराळ्या दुव्याशी गुंतले आहे. मिरजेत हे वाद्य घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले आणि खंजीर पाजळणाऱ्यांची. सुमारे १८५० मध्ये फरीदसाहेब शिकलगार यांनी गवयांची नादुरुस्त वाद्ये हाती घेतली, दुरुस्तीतून नवनिर्मिती सुरू झाली आणि पुढे या मंडळींनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले, अशी हकीकत मिरजेत सांगतात. इंग्रजांनी हत्यारबंदी केली म्हणून शिकलगार वाद्यांकडे वळले, असा खुलासा वारंवार ऐकू येतो. पण कालगणना त्याला साथ देत नाही, कारण हत्यारांचा प्रसिद्ध कायदा १८७८ चा आणि सत्तावनच्या बंडानंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीमही या हकिकतीच्या पुढची. खरे कारण १८१८ मध्ये शोधावे, असे माझे ठाम मत आहे: पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, शिलेदार घरी बसले, आणि पाजळण्याचे काम हुकुमावाचून आपोआप आटत गेले.

दुसरा पक्ष पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला श्रेय देतो. आश्रयाचे मोल मी नाकारीत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबरांना विद्या दिली ती मिरजेतच. परंतु आश्रय तर अनेक संस्थानांत होता, मग हे काम मिरजेच्या शिकलगारांनाच इतके का साधले, याचे उत्तर मला जवारीत, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज उघडण्याच्या कामात, सापडते.

तंबोऱ्याची घोडी सांबरशिंगाची, हाडाची किंवा शिसवाची असते आणि तिचा माथा सपाट नसून अत्यंत हलक्या उताराचा असतो. छेडलेली तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा मिळाली, की दबका आवाज एकाएकी उघडतो. जवारी काढणारा कारागीर कानशीने दोन हलके हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो, आणि हे किती वेळा करावे लागेल याचा हिशेब त्याने आधी मांडलेला नसतो. मी राहतो त्या पुनावळ्याभोवती भोसरीपासून चाकणपर्यंत ठायी ठायी ग्राइंडिंगची यंत्रे चालतात. तिथला मुरलेला कामगार घासलेला तुकडा उजेडाकडे तिरपा धरतो आणि चमक कुठे तुटते ते पाहून उंचसखल ओळखतो. अशाच नजरेने पिढ्यान्‌पिढ्या तलवारीच्या पात्यावर तयार झालेल्या हाताला घोडीचा उतार परका वाटला नसणार. शिकलगार गायनाच्या वाटेने तंबोऱ्यापर्यंत आले नाहीत, तर पृष्ठभाग घासण्याच्या वाटेने आले, हा माझा सिद्धान्त.

या उताराची किमया शास्त्रज्ञांनाही चकवून गेली. तारेला जिथे छेडावे तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू पडतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा तो पाळत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या वक्रतेत शोधले. म्हणूनच खर्जाची पितळी तार नीट जमली की तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे शुद्ध गांधार, कोणी न गाता बोलू लागतो. आमचे गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचा ग्रंथ सिद्ध केला, इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि प्रत्यक्ष स्वरांची साक्ष अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याने दिली. हे संशोधन कृष्णाकाठच्या या टापूत व्हावे, हा योगायोग मी मानीत नाही.

आता पहिल्या तारेकडे येऊ. पंचम वर्ज्य असलेल्या रागात तार मध्यमावर उतरवतात किंवा निषादावर चढवतात. वर्ज्य स्वर टाळण्याची ही केवळ तजवीज आहे, असे काहींचे म्हणणे. ते अपुरे आहे. निषादाच्या तारेतून तिसरा उपस्वर म्हणून तीव्र मध्यम उमटतो. त्यामुळे मारव्याचा गायक तोंड उघडण्यापूर्वीच त्या रागाचा आणखी एक स्वर खोलीत हजर असतो, आणि पंचमाच्या तंबोऱ्यावर जी स्वरवाक्ये कधी सुचली नसती ती सुचू लागतात. मालकंस मात्र माझ्या म्हणण्याला आडवा जातो: त्यात गांधार कोमल, धैवतही कोमल, आणि खर्ज व मध्यम यांच्या तारा तर शुद्ध गांधार आणि शुद्ध धैवत बोलतात. तरीही शतकभर तो राग मध्यमाच्या तंबोऱ्यावर उत्तम गायला जात आहे. माझा तर्क असा, की तिथे कोमल स्वरांची आर्तता या घर्षणातूनच वाढते.

भोपळ्याविषयी थोडेसेच. तंबोऱ्याचे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून येतात. पुनावळ्याजवळून वाहणारी पवना दापोडीला मुळेत, मुळा पुण्याला मुठेत आणि मुळामुठा पुढे भीमेत मिसळते. तेव्हा आमच्या नदीचे पाणीही त्या खोऱ्यात पोहोचते, याचा मला मनापासून आनंद आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुनावळे, ताथवडे, वाकड इथल्या ज्या घरांत आजोबांचा तंबोरा गवसणीत पडून असेल, त्यांनी तो मिरजेला न्यावा, जवारी तिथल्या कारागिराकडून काढून घ्यावी, आणि घरी आल्यावर पंचमाची तार निषादावर चढवून एकदा मारवा गाऊन पाहावा.