वेगाची चटक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती अवघी २,०४८ शब्दांची. अधिक वेग त्या शास्त्रज्ञांनाही हवाच असेल. परंतु ती कामाची गरज होती. चटक लागली ती संगणक घरात आल्यावर.

१९८१ साली आयबीएमने काढलेल्या वैयक्तिक संगणकाचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख ठोके. पुढे यंत्रे जलद झाली आणि एक मौजेची अडचण उद्भवली. जुने खेळ या ठोक्यांवरच बेतलेले. नव्या यंत्रावर ते इतके भरधाव सुटले की खेळणाऱ्याचा हात पोचेना! म्हणून पेटीवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण खरा उपयोग यंत्राला हळू करण्याचा. त्याला ‘मंद’ म्हटले असते तर कोणी विकत घेतले असते? व्यापारी मनुष्यस्वभाव जाणतात.

१९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ आला. तो ३०० मेगाहर्ट्झचा, स्वस्तातला. पण त्याला मिळणारा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तोच तुकडा पुष्कळदा बिनतक्रार ४५० वर पळे. विकतच्या वेगापेक्षा अशा फुकटच्या वेगाची गोडी और!

आमच्या चांदवडलाही ही हवा लागली. माझा एक मित्र कांद्याचे पैसे हाती आले की रात्रीची एस. टी. धरून मुंबईस लॅमिंग्टन रोड गाठी आणि रॅमची पट्टी जिवापाड सांभाळीत परते. मग घड्याळ लावून वडिलांना दाखवी: विंडोज सुरू व्हायला पूर्वी दीड मिनिट लागे, आता पन्नास सेकंद!

“वाचलेल्या चाळीस सेकंदांत काय करणार बाबा तू?” वडील विचारीत.

तो गप्प राही. त्याला हवा होता तो कालच्या आणि आजच्या आकड्यांतला फरक. आठ दिवसांत त्याची सवय होई आणि यंत्र पुन्हा मंद वाटू लागे. भारनियमनाने तासन् तास अंधार असला तरी त्याचे हिशेब चालूच! अर्थात सगळाच भास नव्हता. यंत्रे जलद होतात त्याहून झपाट्याने आज्ञावल्या जड होतात, असे निकलाउस विर्त या स्विस पंडिताने १९९५ सालीच लिहून ठेवले होते.

मार्च २००० मध्ये एएमडीने आणि पाठोपाठ दोनच दिवसांनी इंटेलने १,००० मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. पण उष्णता आवरेना. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम रद्द केला आणि पुढे एकाच तुकड्यात दोन, मग चार गाभे बसू लागले.

मित्राचे आता केस पिकले. परवा त्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली. यंत्र बारा सेकंदांत उठते. मी अभिनंदन केले, तर म्हणाला, “रॅमचा एक स्लॉट अजून रिकामा आहे.”