बांध, साखळी आणि सातबारा

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या ओहायोतल्या घराच्या मागच्या अंगणाला कुंपण घालायचं ठरवलं. शेजारचे गोरे आजोबा म्हणाले, "आधी सर्व्हेअर बोलाव, मग खड्डे खण." सर्व्हेअर आला, त्याने जमिनीत पुरलेली लोखंडी खूण शोधून काढली, आणि कळलं की इतकी वर्षं ज्या मेपलची पानं मी दर शरदात गोळा करतोय, ते झाड आजोबांचं आहे! दोघंही खूप हसलो. मला मात्र मनातून वाईट वाटत होतं. अशाच एका घोळापायी माझे बाबा आणि आमच्या बांधाशेजारचे तात्या तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. १९८९ साली, मी चौथीत असताना, बाबांनी विहिरीच्या कर्जासाठी सातबारा काढला. त्यावरचा गट नंबर नकाशात पाहिला, तर ते शेत तात्यांच्या वहिवाटीतलं! आणि आजोबांच्या काळापासून आम्ही कसत होतो ते रान कागदोपत्री तात्यांच्या नावावर. शिवाय आमच्या नावावर सहा गुंठे कमी. बाबांना वाटलं, तात्यांनी कुणाला तरी हाताशी धरलं. तात्यांना वाटलं, बाबांनी. बांध कोरल्याचे आरोप झाले, संक्रांतीचा तिळगूळ बंद झाला. २०१९ मध्ये बाबा गेले, तेव्हाही प्रकरण तसंच होतं.

कुंपणाच्या प्रसंगानंतर मी ठरवलं, याचा छडा लावायचाच. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. सिस्टीम बिघडली की आम्ही मागचे लॉग चाळतो. इथे इतिहास चाळावा लागला.

शिवकाळात जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. शेत ओळखायचं ते चतुःसीमेवरून. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, असं. तंटा झालाच तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई.

पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांना सारा ठरवण्यासाठी पक्की मोजणी हवी होती. १८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात काम सुरू केलं. पण मोजणीत चुका निघाल्या, आकारणीही फार जड झाली आणि कित्येक शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने १८३५-३६ मध्ये नव्याने सुरुवात केली, ती नेमकी आमच्या इंदापुरात! प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीच्या खुणा झाल्या आणि सारा तीस वर्षांसाठी ठरला. १८४७ च्या अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के केले आणि मुंबई इलाख्यात तीच पुढे चालली.

ही मोजणी ३३ फुटी साखळीने होई. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता गंमत बघा. इंग्लंडच्या एडमंड गुंटरची मूळ साखळी ६६ फुटांची, म्हणजे आपली तिच्या बरोबर निम्मी. आणि त्याच गुंटर साखळीने १७८५ मध्ये अमेरिकेने आपल्या सरकारी जमिनीची मोजणी सुरू केली, तीही ओहायोच्या पूर्व सीमेवरून! माझं गाव आणि माझं सध्याचं घर, दोन्हीकडची मापं एकाच साखळीच्या घराण्यातली.

मग आमचा घोळ कुठे झाला? तर एकत्रीकरणात. वाटण्यांमुळे शेतांचे बारीक तुकडे पडत होते, म्हणून १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. पुढे गावोगावी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू चांगलाच होता. पण आम्ही संगणकवाले ज्याला डेटा मायग्रेशन म्हणतो, तेच हे. हजारो नोंदी एका वहीतून दुसऱ्या वहीत, सगळं हाताने. जुन्या आणि नव्या नंबरांचा तक्ता मी जुन्या नकाशाशेजारी ठेवला आणि पाचच मिनिटांत दिसलं. लागून असलेल्या दोन गटांवरची नावं उलटसुलट पडली होती. ना बाबांनी काही केलं होतं, ना तात्यांनी!

तो तक्ता घेऊन मी तात्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला हे दाखवायला पायजे होतं रे."

सुदैवाने जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने खास अशा प्रकरणांसाठी 'सलोखा' योजना आणली होती. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करता येत होता. एरवी बाजारभावावर लागणाऱ्या मुद्रांक शुल्काऐवजी फक्त एक हजार रुपये, आणि नोंदणीचे एक हजार. पंचनामा झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये आई, मी आणि तात्या एकाच बाकावर बसून सह्या करून आलो. सहा गुंठ्यांचा विषय कुणी काढलाच नाही. त्या संक्रांतीला तात्यांच्या घरून तिळगूळ आला. आईने पहिला लाडू बाबांच्या फोटोपुढे ठेवला.

आपल्यापैकी अनेकांची गावी थोडीफार जमीन आहे. सातबारा आता इंटरनेटवर दिसतो, तो जरूर पाहा. पण पुढच्या भारतवारीत मुलांना घेऊन एकदा बांधावरूनही चालून या. सोबत वडीलधारं माणूस असू द्या, आणि शक्य झालं तर शेजारच्या तात्यांनाही बोलवा. कुठला गट कोण कसतंय हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा. आम्ही ते बाबा असताना केलं नाही.